विंडोज हाताला बसवताना: वाचकांचे प्रश्न

कॉम्प्युटरचा वेग, मांडणी आणि रोजच्या कामातल्या अडचणी यांबद्दलची पत्रं या वेळी घेतली आहेत. मेनूची नावं विंडोज ११च्या इंग्रजी मेनूप्रमाणे दिली आहेत. विंडोज १०मध्ये ती थोडी वेगळी असू शकतात. एक सवय आधीच लावून घ्या: कुठलंही सेटिंग बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न: सहाव्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू केल्यावर बराच वेळ काही उघडतच नाही. दुकानदार वर्षाची वर्गणी असलेलं एक क्लीनर सॉफ्टवेअर घ्या म्हणतो. घ्यावं का? (बार्शी)

घेऊ नका. अशी सॉफ्टवेअरं तात्पुरत्या फाइली पुसतात, ते काम विंडोज फुकटात करतं. 'रजिस्ट्री', म्हणजे विंडोजची आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंगची नोंदवही, 'साफ करणं' म्हणून जे विकलं जातं त्याने वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. उलट चुकीची नोंद उडाली तर एखादा प्रोग्रॅम उघडायचा बंद होतो. शिवाय क्लीनर स्वतःच सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या रांगेत जाऊन बसतो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघा. लॅपटॉप सुरू करून लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. मेमरी आणि डिस्क या दोन रकान्यांवर पाच-सात मिनिटं लक्ष ठेवा. तुमच्या यंत्रावर बहुधा डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि मेमरी ८५च्या वर दिसेल. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं, आणि फिरणारी हार्ड डिस्क इथून थोडं, तिथून थोडं असं वाचताना फार मंद असते. प्रोसेसर त्या वेळी नुसता वाट पाहत असतो.

बिनपैशाचे उपाय आधी. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यात ज्यांच्यापुढे 'हाय' आहे ते प्रोग्रॅम बघा. मीटिंगची, गाण्यांची, गेमची ॲप्स, टॉरेंट, पीडीएफ सॉफ्टवेअरचे अपडेटर हे सगळे राइट-क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपण उघडेपर्यंत थांबतो. विंडोज सिक्युरिटी, टचपॅड आणि ध्वनीचे ड्रायव्हर यांना हात लावू नका. टचपॅडचा बंद केला तर दोन बोटांनी सरकवणं बंद पडतं आणि लोक टचपॅड बिघडला म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला नेतात.

दुसरं, 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' सारखे नाहीत. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडून 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तिथे वीस-वीस दिवस दिसतात. हार्ड डिस्कवर फास्ट स्टार्टअपचा उपयोग होतो म्हणून ते बंद करू नका, पण आठवड्यातून एकदा ठरवून रीस्टार्ट करा.

तिसरं, दिखाऊपणा कमी करा. स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स ऑफ विंडोज' लिहून शोधलं की 'ॲडजस्ट द अपिअरन्स' असं काही समोर येईल. तिथे 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा, मात्र त्यानंतर 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' आणि 'शो थंबनेल्स' या दोन खुणा परत करा. पहिली राहून गेली तर देवनागरीच्या वेलांट्या आणि मात्रा करवतीसारख्या दातेरी दिसतात.

इतकं केल्यावर फरक पडेल, पण चमत्कार होणार नाही. खरा उपाय एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क, हाच. या लॅपटॉपला अडीच इंची, 'साटा' जोडणीची एसएसडी बसते आणि ऑफिसच्या कामाला २५६ जीबी पुरते. एसएसडीची जाडी ७ मिलीमीटर असते. तुमच्या लॅपटॉपमधली जागा ९.५ मिलीमीटरची असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावून घ्या, नाहीतर ती आत हलते आणि जोड सुटतो. रॅम ८ जीबी करणार असाल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड'पुढे 'वन ऑफ टू' असेल तर एक खाच रिकामी आहे. वेग १६०० दिसला तर साधारणपणे डीडीआर-३ जातीची, २१३३ किंवा २४०० असेल तर डीडीआर-४ जातीची रॅम लागते. एक दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी.

आणखी एक. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव अपडेट्सची सोय ठेवली, पण ती आपोआप मिळत नाही. विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं आणि त्यासाठी विंडोज १०ची '२२एच२' ही आवृत्ती लागते. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तुमचा लॅपटॉप त्यात बसत नाही. नियमाला वळसा घालून ११ टाकून देणारे भेटतील. बँकेची कामं ज्यावर करता त्या यंत्रावर ते करू देऊ नका.

प्रश्न: पतसंस्थेच्या कार्यालयात मराठी पत्रं अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. मेलने पाठवली की समोरच्याकडे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. विंडोजमध्येच मराठी चालू केलं, पण कळफलक मध्येच बदलतो आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या' हे शब्द नीट उमटत नाहीत. (इस्लामपूर)

जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला ती तशीच दिसणार. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरला ती कळतच नव्हती, म्हणून छापखाने वर्षानुवर्षं या फॉन्टना चिकटून राहिले. कार्यालयीन पत्रांना ते बंधन नाही. आजच युनिकोडवर या.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन', मग 'ॲड अ लँग्वेज' आणि मराठी. मेनू इंग्रजीच ठेवायचे असतील तर 'सेट ॲज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज' ही खूण काढा. मराठीपुढच्या तीन ठिपक्यांवर 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये गेलात की कळफलक निवडता येतो. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून लिहिणाऱ्यांसाठी 'मराठी फोनेटिक' आहे. रोज पानंच्या पानं टाइप करणाऱ्याने इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक, शिकावा असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि बाराखडी पाठ असलेल्याला त्याची जुळणी लवकर कळते. हिंदी, गुजराती, कन्नडलाही त्याच जागा आहेत.

कळफलक मध्येच बदलतो याचं कारण बहुधा यादीत तीन कळफलक आहेत: इंग्लिश इंडिया, इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि मराठी. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबलं की तिघांची फेरी चालते आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. इंग्लिशच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन युनायटेड स्टेट्सचा कळफलक काढून टाका आणि इंडियाचा ठेवा. आता एकदा दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. शिवाय 'टायपिंग'मधल्या 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'मध्ये प्रत्येक खिडकीला वेगळा कळफलक ठेवण्याची खूण आहे, ती करा. मग वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी आपापल्या जागी राहतं.

आता 'दुसऱ्या'. साधा 'र', मग हलन्त, मग 'य' असं लिहिलं की रफार होतो आणि 'दुसर्या' उमटतं. आपल्याला हवा तो 'ऱ', जो 'र'च्याच कळीवर शिफ्टसह आहे. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'जे'ची कळ शिफ्टसह, मग हलन्तासाठी 'डी', मग 'य'साठी तिरक्या रेघेची कळ. 'आचार्य' आणि 'आचाऱ्यांनी' यांतला फरक एवढ्या एका शिफ्टचा आहे. 'ळ'ही तसाच, 'ल'च्या कळीवर शिफ्टसह. 'क्ष' हवा तर क, हलन्त, ष.

जुनी पत्रं बदलून घ्यायला फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात. मूळ फाइल जपून ठेवा आणि बदललेल्या मजकुरात तीन ठिकाणी डोळे घाला: 'ऱ्य' असलेले शब्द, आकडे, आणि मधले इंग्रजी शब्द. कन्व्हर्टरला फक्त अक्षरं दिसतात, कुठला शब्द खरोखर इंग्रजी होता ते त्याला कळत नाही, त्यामुळे ईमेलचे पत्ते आणि पॅन क्रमांक यांचं देवनागरीत भजं होतं.

मंगल फॉन्टमध्ये ओळी फार दूरदूर पडतात अशी तक्रार नेहमी येते. वर्डमध्ये परिच्छेदाचं 'लाइन स्पेसिंग' 'एक्झॅक्टली' करून १२ पॉइंटच्या मजकुराला १८ ते २० पॉइंट द्या. त्याहून खाली गेलात तर वरच्या मात्रा कापल्या जातात. अहवाल छापण्यासाठी इनडिझाइन या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार असाल तर तिथे 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडल्याशिवाय युनिकोड मराठी जुळत नाही, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन पडते.

प्रश्न: एक्सेलमध्ये स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे यावेत म्हणून काय करावं? आणि तारखा महिन्याप्रमाणे लावल्या की ऑगस्टच्या काही नोंदी मेमध्ये जातात, त्या का? (वसई)

दोन्हींचं मूळ एक्सेलमध्ये नसून विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये आहे. नवे लॅपटॉप पुष्कळदा अमेरिकी पद्धतीवर येतात. तिथे महिना आधी, दिवस नंतर. तुम्ही ०५/०८/२०२५ लिहिलं की एक्सेल ते ८ मे समजतं. २५/०८/२०२५ लिहिलं की पंचविसावा महिना नसतो, म्हणून ते साधा मजकूर समजून सोडून देतं. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याची मांडणी बदललेली नसेल तर खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही बाजू दिसल्या की समजा घोळ झालेला आहे. १२ तारखेपर्यंतच्या नोंदी चुपचाप चुकतात, १३पासूनच्या निदान उघड तरी पडतात.

'लँग्वेज अँड रीजन'मध्ये 'रीजनल फॉरमॅट' इंग्लिश इंडिया करा. मग कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन', 'ॲडिशनल सेटिंग्ज', 'नंबर्स' या वाटेने जाऊन 'डिजिट ग्रूपिंग'मध्ये १२,३४,५६,७८९ हा नमुना निवडा. एक्सेल पूर्ण बंद करून उघडा. आता स्वल्पविरामाचं बटण दाबलं की १२,३४,५६७ असं दिसेल. ही मांडणी त्या कॉम्प्युटरची आहे, फाइलची नव्हे. हीच फाइल तुमच्या सीएने अमेरिकी सेटिंगच्या यंत्रावर उघडली तर त्यांना १,२३४,५६७ दिसेल. रक्कम तीच असते, घाबरू नका.

चुकलेल्या जुन्या तारखा मात्र आपोआप सुधरत नाहीत, कारण एक्सेलने ८ मे ही तारीख पक्की नोंदवून टाकली आहे. बँकेकडून आलेली मूळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची) फाइल असेल तर सेटिंग बदलल्यानंतर ती नव्याने उघडा, सगळ्यात खात्रीचं तेच. मजकूर म्हणून राहिलेल्या तेवढ्या तारखा 'डेटा', 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये तिसऱ्या पायरीवर 'डेट' आणि 'डीएमवाय' निवडून दुरुस्त होतात. सीएसव्हीत मराठी नावं असतील आणि ती विचित्र चिन्हांत दिसत असतील तर फाइलवर डबल-क्लिक करू नका. 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार, निवडा.

इंग्लिश इंडियाचा कळफलक असला की उजवीकडची ऑल्ट आणि ४ एकत्र दाबून ₹ येतो. युनायटेड स्टेट्सच्या कळफलकावर तो येत नाही.

प्रश्न: स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' असा इशारा सतत येतो. अँटिव्हायरसला काही सापडत नाही. (नांदेड)

सापडणार नाही, कारण तो व्हायरसच नाही. कुठल्याशा वेबसाइटने 'नोटिफिकेशन दाखवू का' असं विचारलं आणि घरातल्या कुणीतरी 'अलाऊ' दाबलं, एवढंच. इशाऱ्याच्या चौकटीत बारीक अक्षरांत ब्राउझरचं आणि त्या साइटचं नाव असतं. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जा. परवानगी दिलेल्यांच्या यादीतून अनोळखी नावं काढा आणि वर 'डोन्ट अलाऊ' निवडून टाका. ब्राउझर बंद असतानाही इशारे येत असतील तर 'सिस्टिम'मधलं 'कंटिन्यू रनिंग बॅकग्राउंड ॲप्स' बंद करा. इशाऱ्यात दिलेल्या नंबरवर फोन करू नका. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

प्रश्न: गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच काम चालतं. लॅपटॉप जोडला की दिवसाचा डेटा तासाभरात संपतो. (पाटण)

विंडोजला वाटतं आपण वायफायवर आहोत, म्हणून ते अपडेट्स मोकळेपणाने उतरवून घेतं. हॉटस्पॉटला जोडलेलं असताना 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वायफाय', आणि त्या जोडणीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजका डेटा असलेली जोडणी, चालू करा. हे सेटिंग त्या एका हॉटस्पॉटपुरतं असतं. घरातल्या दुसऱ्या फोनला जोडलात तर पुन्हा करावं लागेल, आणि बहुतेकांचं इथेच विसरतं. 'विंडोज अपडेट'च्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये मीटर्ड जोडणीवर अपडेट उतरवायची परवानगी बंद आहे ना ते बघा, आणि तिथेच 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन', म्हणजे अपडेट्स इतर कॉम्प्युटरांशी वाटून घेण्याची सोय, हीही बंद करा. 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'मधल्या 'डेटा यूसेज'मध्ये कुठल्या ॲपने किती डेटा खाल्ला ते दिसतं. फोटो इंटरनेटवरच्या साठ्यात (क्लाउडवर) चढवणारं वनड्राइव्ह बरेचदा यादीत वर असतं.

अपडेट्स कायमची टाळायची नाहीत. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट्स दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तोवर बुधवार उजाडायला आलेला असतो. त्या आठवड्यात तालुक्याला किंवा कुठे चांगलं वायफाय मिळेल तिथे लॅपटॉप चार्जरला लावून अपडेट उरका.

प्रश्न: लॅपटॉपची 'पी' ही कळ मेली आहे. पूर्ण कीबोर्ड बदलायचा खर्च आत्ता नको आहे. (रत्नागिरी)

मायक्रोसॉफ्टचं 'पॉवरटॉइज' हे फुकट सॉफ्टवेअर स्टोअरमधून घ्या. त्यातल्या 'कीबोर्ड मॅनेजर'मध्ये 'रीमॅप अ की' असतं. कधीच न लागणारी कळ, उदाहरणार्थ 'इन्सर्ट' किंवा उजवी कंट्रोल, 'पी'ला जोडा. शिफ्टसह मोठी 'पी'ही त्याच कळीवर येते. मराठी इन्स्क्रिप्टमधला त्या जागेचा 'ज'सुद्धा उमटतो का ते लगेच तपासा.

पॉवरटॉइज सुरू असेपर्यंतच हे चालतं, म्हणून त्याला स्टार्टअपमधून काढू नका. लॉगिनच्या पडद्यावर ते अजून चालू झालेलं नसतं. पासवर्डमध्ये 'पी' असेल तर तिथे अडकाल. आधीच आकड्यांचा पिन ठेवा, किंवा लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. कळ मेलेली नसून अडकून सतत 'पीपीपीपी' उमटत असेल, तर तिला 'डिसेबल'ला जोडा. दमट हवेत किंवा चहा सांडल्यावर असं होतं आणि त्यात शेजारच्या कळीही जायला लागतात. तसं दिसलं की रीमॅपचा नाद सोडून कीबोर्डच बदला.

प्रश्न: शाळेतल्या २ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकावं का? (चंदगड)

टाका, पण एकावर आधी पारखून. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, आणि तिचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती २ जीबीवर चालते. जड जातात ते ब्राउझर, तिथे एका वेळी दोन-तीन टॅबच उघडायची शिस्त लावा. प्रोसेसर ६४-बिट आहे ना ते आधी बघा, मिंट २२ त्याशिवाय बसत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रूफस' या सॉफ्टवेअरने मिंट चढवा आणि काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच चालवून आवाज, वायफाय, प्रोजेक्टर आणि प्रिंटर तपासा. कीबोर्डच्या 'लेआउट'मध्ये 'इंडियन' निवडलं की इन्स्क्रिप्ट देवनागरी मिळते.

घोडं अडतं ते प्रिंटरपाशी. आपल्याकडे शाळाशाळांत दिसणारा कॅननचा एलबीपी-२९०० लिनक्सवर फार त्रास देतो. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, मात्र एचपीचं जादा प्लग-इन उतरवून घ्यावं लागतं. कार्यालयातल्या ज्या यंत्रावर टॅली आहे किंवा डिजिटल सहीचं टोकन लागतं, ते विंडोजवरच राहू द्या.

प्रश्न: एकच पत्ता आणि जीएसटी क्रमांक दिवसभर कॉपी-पेस्ट करावा लागतो. (उल्हासनगर)

कंट्रोल-व्हीऐवजी विंडोजची कळ आणि व्ही दाबा आणि पहिल्या वेळी 'टर्न ऑन' करा. शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येईल. पत्ता आणि क्रमांक 'पिन' करा, म्हणजे रीस्टार्टनंतरही राहतील, बाकीच्या पुसल्या जातात. कॉम्प्युटर चारजण वापरत असतील तर लक्षात ठेवा, कॉपी केलेला पासवर्डही या यादीत उघडा दिसू शकतो. काम झाल्यावर 'क्लिअर ऑल' दाबा, पिन केलेल्या ओळी त्याने जात नाहीत.